चावी देताना मागे जाणारं घड्याळ

सुरुवातीलाच कबूल करतो, चूक माझी होती. आणि ती झाकायला मी खोटं बोललो, ही त्याहून मोठी चूक. या सदरात लिहिणारे बहुतेक जण सांगतात की काहीतरी बाहेरून येऊन त्यांच्यावर कोसळलं. मला तसं म्हणायची सोय नाही. मी ते ओढवून घेतलं. पण जे घडलं ते घडलं *कसं*, हे मात्र इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला त्याचा वैतागच जास्त आहे.

मी अंबरनाथ पूर्वेला राहतो. इथल्याच एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात सुपरवायझर आहे. प्रेशर गेज, टेंपरेचर रेकॉर्डर वगैरे. जुन्या रेकॉर्डरमध्ये आलेखाचा कागद फिरवायला चावीची घड्याळं असायची, ती उघडून, साफ करून परत बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. काटा चुकीचा दाखवत असेल तर त्याला कारण असतं — स्प्रिंग, धूळ, वाळलेलं तेल, कुठेतरी घासणं. सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही, बस्स. शैला, माझी बायको, स्कूटरला लिंबू-मिरची बांधायची तर मी ती काढून टाकायचो. असा माणूस मी.

दत्तूमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर होते. रिटायर झाल्यावर बदलापूरला नदीच्या अंगाला छोटं बैठं घर बांधून राहिले. मी सांगतोय तो काळ नव्वद-एक्क्याण्णवचा, तेव्हा मामा पासष्टच्या आसपास. जहाजावर जायच्या परीक्षेला बसणारे दोन-चार तरुण त्यांच्याकडे शिकायला यायचे. फी नाही. फक्त कोणी उशिरा आला की मामा त्याला दारातच उभं करून विचारायचे, "इतक्या उशिरात तुझं जहाज किती मैल गेलं, सांग. मग आत ये."

त्यांच्या बैठकीत एक क्रोनोमीटर होतं. जहाजावर उपग्रह आणि क्वार्ट्झ यायच्या आधी जे चावीचं घड्याळ वापरायचे, ते. जाड लाकडी पेटी, आत पितळेची वाटी, ती दोन कड्यांत अशी झुलती बसवलेली की पेटी कलली तरी तबकडी सपाटच राहते. मामांनी ते मुंबईच्या दारूखाना भागातून, जहाजं फोडतात तिथल्या भंगारातून आणलं होतं. ते ग्रीनिचच्या वेळेला लावलेलं असायचं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. मामा रोज सकाळी आठला त्याला चावी द्यायचे आणि दिली की स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने सांगायचे, "चावी दिली!" जहाजावर कॅप्टनला तसं कळवायची रीत. मामी पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "ऐकलं हो. आता बादलीतलं पाणी निवायच्या आत आंघोळ करा, आणि झाली की तेही मोठ्याने सांगा."

मामांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. मुंबईला हॉस्पिटल, नंतर काही दिवस दादरला मुलीकडे. तेवढे दिवस घड्याळाला चावी द्यायचं काम माझ्याकडे आलं. माझी दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. मामांनी मला समोर बसवून दाखवलं.

"वाटी अशी उलटी करायची. चावी मागून. शेवटचा फेरा हलक्या हाताने. रोज, आठ वाजता. काटे दिवसाला दीड सेकंद मागे पडतात. पडू देत. काट्यांना हात लावायचा नाही."

"मामा, मी दुरुस्त करून देतो की. दीड सेकंद म्हणजे काय, किरकोळ."

"तेच करायचं नाही!" मामा जवळजवळ ओरडलेच. "समुद्रात चार सेकंद चुकले की जहाज एक मैल भलतीकडे असतं, विलास. घड्याळ मागे आहे याने काही बिघडत नाही. किती मागे आहे ते ठाऊक पाहिजे. मी ते घरात आल्यापासून मोजत आलोय. तू काटे सरळ केलेस की माझी सगळी साखळी तुटली."

हो म्हटलं. मनात म्हटलं, म्हातारपणीचा खेळ आहे, असू दे.

पहिले काही दिवस इमानाने गेलो. मग एका रविवारी साडूकडे पत्त्यांचा डाव होता. घड्याळ एका चावीवर दोन दिवसांच्या वर चालतं हे मला ठाऊक होतं, म्हणून रविवार बुडवला. सोमवारी आळस केला. मंगळवारी गेलो तर घड्याळ बंद. दोन दिवसांच्या *किती* वर चालतं ते मी मोजलंच नव्हतं... इन्स्ट्रुमेंटचा माणूस!

चावी दिली. चालू होईना. या जातीचं घड्याळ नुसत्या चावीने सुरू होत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पेटी उचलून फिरवताना मनगटाला झटका बसला आणि ते टिकटिकायला लागलं. मग मी ते परत थांबवलं, रेडिओ लावला, काटे बरोबर वेळेवर आणले आणि बातम्यांच्या आधीच्या शेवटच्या ठोक्याला तसाच झटका देऊन ते सुरू केलं. अगदी बिनचूक. उलट उपकारच केले असं वाटलं मला. कोणाला कशाला सांगायचं?

मामा घरी आले त्या दिवशी मी त्यांना आणायला गेलो होतो. दुपारची वेळ. चपला काढून ते सरळ घड्याळापाशी गेले. रेडिओ लावला. ठोके पडले. मामा तबकडीकडे बघत राहिले.

"हे बरोबर चालतंय," ते म्हणाले.

"मग चांगलंच आहे की," मामी म्हणाल्या.

"चांगलं काय? आज चार मिनिटं अठरा सेकंद मागे हवं होतं. बरोबर चालतंय म्हणजे हे थांबलं होतं आणि कोणीतरी लावलंय." माझ्याकडे वळले. "विलास, थांबलं होतं का?"

तेव्हा 'हो' म्हटलं असतं तर काय झालं असतं? दोन शिव्या बसल्या असत्या. मी म्हटलं, "नाही मामा. रोज आलो मी."

"काट्यांना हात लावलास?"

"छे! तुम्हीच सांगितलं होतंत ना." आणि एवढ्यावर थांबलो नाही. "तुमचाच हिशोब कुठेतरी चुकला असेल, मामा. ऑपरेशन, भूल वगैरे... होतं असं."

मामी लगेच म्हणाल्या, "हो हो, डॉक्टर बोलले होते, काही दिवस थोडा गोंधळ उडेल म्हणून. बसा बघू आधी."

मामा बसले. ओठ हलत होते, बेरीज करत होते मनातल्या मनात. पुन्हा पुन्हा.

त्यानंतर मामा बदलले. शिकायला येणाऱ्यांना त्यांनी हळूहळू यायचं बंद करायला सांगितलं. "माझ्या आकड्यांचा भरवसा राहिला नाही, तुमची परीक्षा बुडवीन मी." दोनेक महिन्यांत घड्याळाला चावी देणंही सोडलं. ते बंद पडलं, तसंच राहिलं. मी अधूनमधून जायचो, हे बघायचो, सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता इतक्या उशिरा सांगून काय... आणि प्रत्येक वेळी ते आणखी थोडं उशिराचं होत गेलं.

ऑपरेशनला दहा महिने होत आले असतील तेव्हा मामा म्हणाले, "तू घेऊन जा ते. तुला यंत्रांचं कळतं. इथे नुसतं धूळ खातंय." नाही म्हणायला तोंड नव्हतं.

इथून पुढे जे घडलं ते कसलीही भर न घालता लिहितोय.

अंबरनाथला आणून मी घड्याळ टेबलावर ठेवलं, चावी दिली, रेडिओच्या ठोक्यावर सुरू केलं. दिवसभर उत्तम चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रेडिओशी ताडलं, बिनचूक. वाटी उलटी केली, चावी दिली, सरळ केली... आणि काटे जवळजवळ बारा मिनिटं मागे.

म्हटलं, उलटी करताना मिनिटकाटा सैल होऊन घसरला असेल. काच काढली, काटा तपासला. घट्ट. वेळ परत लावली. दुसऱ्या दिवशी चावी देईपर्यंत बरोबर, चावी दिल्यावर बारा मिनिटं मागे. तिसऱ्या दिवशीही तेच. महत्त्वाचं म्हणजे काटा घसरला तर फक्त मिनिटकाटा घसरेल. इथे सेकंदकाटासुद्धा वेगळ्याच जागी असायचा आणि टिकटिक एका ठोक्यानेही चुकायची नाही.

रजेच्या दिवशी सगळं उघडलं. साफ केलं, तेल दिलं, बसवलं. कारखान्यात नेऊन चुंबकत्व तपासलं. काही नाही. चावी दिली, बारा मिनिटं मागे. मला इतका संताप यायचा की एकदा चावी भिंतीवर फेकून मारली. कारखान्यात मी लाखाच्या मशीनचा दोष चहा संपायच्या आत सांगतो आणि हे भंगारातलं डबडं मला रोज सकाळी वेड्यात काढत होतं.

शैला म्हणाली, "त्याला बारा मिनिटं मागे राहायचंय तर राहू दे ना. तुम्हाला कुठे जहाज न्यायचंय? डोंबिवलीला?"

"प्रश्न तो नाही."

"मग कोणता आहे? तो सांगा."

मी परत स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

मग मी ते उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये लछूसेठकडे नेलं. लछूसेठ घड्याळांचे व्यापारी आणि हाडाचे कारागीर. आमची जुनी ओळख, आम्ही पार्ट त्यांच्याकडूनच घ्यायचो. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि हात जोडले. "वाह साईं, राजा चीज लाए हो! छोड़ के जाओ, हफ्ते में सीधा कर दूँगा."

चौथ्याच दिवशी कारखान्यात त्यांचा फोन. "विलासभाई, उठा के ले जाओ. ये घड़ी है के मेरी सास है? जितना सीधा करो, उतना टेढ़ा."

गेलो तर त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत करून दाखवलं. वेळ लावली. माझं मनगटी घड्याळ, त्यांचं, भिंतीवरची सगळी, सारखी. वाटी उलटी, चावी, सरळ. मागे. गिऱ्हाईक उभं होतं ते हसायला लागलं. लछूसेठ हसले नाहीत. हळूच म्हणाले, "किसकी है ये?"

"माझ्या मामांची."

"गुज़र गए?"

"नाही हो! चांगले आहेत. बदलापूरला असतात."

"तो फिर उनको दे दो ना, साईं. मेरे पास क्यों लाए?"

घरी येऊन शेवटचा उपाय केला. उलटी केल्यावर तबकडी दिसत नाही, एवढीच एक वेळ होती जेव्हा माझी नजर काट्यांवर नव्हती. रविवारी सकाळी, लख्ख उजेडात, वाटी कड्यांतून काढून हातात धरली आणि खाली टेबलावर आरसा ठेवला. शैलाला शेजारी बसवलं. मी चावी देतोय, आम्ही दोघं आरशात बघतोय. काटे नीट पुढे चाललेत.

"चालतंय की व्यवस्थित," शैला म्हणाली. "उगाच आपला—"

मी वाटी सरळ केली. पावणेबाराच्या वर, बाराच्या आत, तेवढीच मिनिटं मागे. शैला उठली, आरसा उचलला, त्याच्या मागे बघितलं आणि देवघरात जाऊन बसली.

या सगळ्यात एक गोष्ट मी बघत होतो पण माझ्या डोक्यात शिरत नव्हती. घड्याळ रोज सारखंच मागे जात नव्हतं. आजच्यापेक्षा उद्या किंचित जास्त. मोजलं तर दीड सेकंद जास्त.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला कॅल्क्युलेटर लागला. आजच्या मागे पडण्यातून रोजचा दीड सेकंद वजा करत मी दिवस मागे मोजत गेलो, मामा घरी आले त्या दुपारपर्यंत. आकडा आला चार मिनिटं अठरा सेकंद.

माझ्याकडून एकदा बंद पडलेलं, मामांनी सोडल्यावर महिनोन्‌महिने बंद असलेलं घड्याळ... आणि रोज चावी दिली की ते तिथे जाऊन उभं राहत होतं, जिथे ते कधीच थांबलं नसतं तर आज असतं. मामांच्या हिशोबावर. सेकंदाला सेकंद.

आता तुम्ही म्हणाल, विलासराव, मनातली टोचणी होती, भास झाला. मीही तेच म्हणालो असतो. पण लछूसेठना कसली टोचणी? त्या गिऱ्हाइकाला? शैलाला तर मी तोवर काहीच सांगितलं नव्हतं. दाते घसरणं, स्प्रिंगचा ताण, जे जे यंत्राच्या माणसाला सुचेल ते सगळं मी तपासलंय, आणि यातलं काहीही घड्याळाला नेमका हवा तो आकडा शिकवत नाही. उत्तर माझ्याकडे नाही. इतक्या वर्षांत दोन इंजिनियरांना विचारून झालं, दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला पाठ आहे. सध्या घड्याळ बदलापूरला आहे. मामा चावी देतात आणि ते दिवसाला दीड सेकंद मागे पडतं, बाकी काही करत नाही. कुठल्याही सज्जन घड्याळासारखं! म्हणजे आता तपासायलाही काही उरलेलं नाही, याचा राग वेगळाच.

ते परत कसं गेलं एवढं सांगतो.

आकडा निघाला त्याच्या पुढच्या रविवारी पेटी स्कूटरवर पायांत धरून बदलापूरला गेलो. मामा-मामी दोघं ओटीवर परात मध्ये ठेवून बिरडं सोलत बसले होते. भिजलेले वाल, बोटाने दाबून साल काढायचं. मामींनी मला बघितलं. "ये रे, बरा आलास. हात धू आणि बस सोलायला."

मी बसलो नाही. पेटी खाली ठेवली आणि उभ्यानेच म्हणालो, "मामा, घड्याळ थांबलं होतं. तुम्ही हॉस्पिटलात असताना. मी दोन दिवस आलोच नव्हतो. काटे मी लावले."

मामांच्या हातातला वाल हातातच राहिला.

"काय म्हणतोय हा?" मामींनी विचारलं.

"तुमचा आकडा बरोबर होता, मामा. चार मिनिटं अठरा सेकंद. अगदी बरोबर होता."

तो वाल त्यांनी परातीत टाकला. मग म्हणाले, "म्हणजे मी चुकलो नव्हतो."

"नाही."

"वर्ष होत आलं, विलास." आवाज चढला नव्हता, चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "मी हिच्याशिवाय एकटा घराबाहेर पडत नाही, माहितीये तुला? परत यायचा रस्ता आठवेल की नाही म्हणून. बँकेत सही करताना हिला तारीख विचारतो. ठाऊक असते मला. तरी विचारतो."

मामींनी पदर डोळ्यांना लावला. "आणि मीच यांना भूल, भूल म्हणत राहिले..."

घड्याळाने काय काय केलं ते मी त्यांना सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मी आपणहून आलो की घड्याळाने मला तिथे आणलं, असा प्रश्न निघाला असता आणि त्या आड मला लपता आलं असतं. रस्ताभर बरंच काही जुळवत आलो होतो. त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. मी खाली बसलो.

"मामा, आळशीपणा केला आणि लाज वाटली म्हणून खोटं बोललो. तुम्ही स्वतःवरच संशय घ्यायला लागलात ते मला दिसत होतं, तरी गप्प बसलो. मामी, तुम्हालाही मी त्यात ओढलं. माझं चुकलं. मला माफ करा."